हिरव्या डब्याचे तीन टेक

मूर्खपणाला कॅमेरा जोडला की त्याची मोहीम होते. आमची मोहीम सव्वीस जानेवारीला सकाळी सात वाजता चौक गावच्या किनाऱ्यावरून निघाली. आम्ही तिघं, शांती नगरच्या एकाच बिल्डिंगमधले. स्वप्नील, म्हणजे चॅनेलचा मालक. चॅनेलचं नाव 'खाडीपलीकडे', आणि त्याला खाडीच्या अलीकडचंही काही माहीत नाही. नीलम, क्लासमध्ये गणित शिकवते. हातात रबरी मोजे, पाठीवर काळ्या पिशव्यांचा गठ्ठा. आणि मी, जितेंद्र. व्हिडिओत मागून जो भारदस्त आवाज येतो ना, 'निसर्ग आपल्याला हाक मारतोय' वगैरे, तो माझा. ते लिहितोही मीच. लाज वाटते, पण सांगून टाकलेलं बरं.

होडी आयडाबायची. माझी आई भाईंदरच्या बाजारात तिच्याकडून मासळी घेते, त्या ओळखीवर ती तयार झाली. पन्नाशीची बाई. गाऊनवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्याला रुमाल, पायात काही नाही. बाई बाजारात आणि बाप्या होडीत, हा तिच्या गावचा नियम. तिच्या नवऱ्याची, डॅनियलची, कंबर तीन वर्षांपूर्वी कामातून गेली, तेव्हापासून ती बाजारातही असते आणि होडीतही. गावातल्या बाप्यांना हे दाताखालच्या खड्यासारखं लागतं. बोलत कोणी नाही. वाट बघतात.

"आंटी, आम्हाला एकदम अनटच्ड निसर्ग पाहिजे," स्वप्नील चढता चढता म्हणाला.

"आंटी तुझ्या बिल्डिंगमदी. मी आयडाबाय. जाकीट घाल आधी."

"व्हिडिओत जाकीट चांगलं दिसत नाही ना."

"बुडालास तर तू पण चांगला दिसनार न्हाय."

जाकिटं घातली. होडी खाडीच्या तोंडातून आत शिरली. एका हाताला वसईच्या किल्ल्याची काळी रेघ, दुसऱ्या हाताला तिवरांचं रान, आणि मधे सकाळचं पाणी, इतकं शांत की बोलायची लाज वाटावी. मी अर्थातच बोललो. 'भाईंदरचं हे हिरवं फुफ्फुस' असं काहीतरी. आयडाबायनं माझ्याकडे बघितलं आणि इंजिन वाढवलं. मला वाटलं योगायोग असेल.

अर्ध्या तासानं इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. इंजिनाच्या पंख्यात प्लास्टिकची गोणी अडकली होती. आयडाबाय सुरी घेऊन मागच्या टोकाला पालथी पडली, डोकं आणि दोन्ही हात पाण्याकडे, आणि कापायला लागली. "बसा दहा मिन्टं," म्हणाली.

आम्ही बसणारे लोक नाही. नीलमला समोर एक डबा तरंगताना दिसला. इंजिन ऑइलचा पाच लिटरचा हिरवा डबा, शेवाळलेला, एका बाजूनं चेपलेला, मानेला कुजकट दोरी. असला घाण डबा की कचऱ्यालाही लाज वाटेल.

"हाच पाहिजे!" स्वप्नील म्हणाला. "नीलम, तू काठीनं ओढ. मी हातानं खेचतो. जितू, शूट कर. मागचं धूसर कर, फक्त माझ्यावर फोकस."

"आयडाबाय, आम्ही कचरा काढतोय!" नीलम ओरडली.

"काढा, काढा," मागून आवाज आला.

डबा हाताला लागला, पण दोरी खालून येईना. स्वप्नीलला आनंद झाला. संघर्ष दिसत होता. पहिल्या टेकला त्याचा चेहरा नीट आला नाही. दुसऱ्या टेकला मीच म्हणालो, जरा जास्त जोर लावतोयस असं दाखव. तिसऱ्या टेकला तो खरोखर मागे रेलून ओढत होता, कपाळावर घाम, आणि मी मागून बोलत होतो, 'माणसाने निसर्गाच्या गळ्याला लावलेला हा फास आज आपण सोडवतोय.' मग नीलमनं कात्रीनं दोरी कापली. डबा काळ्या पिशवीत गेला. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या.

इंजिन सुरू झालं. आयडाबायनं मान वळवूनही न बघता होडी पुढे काढली.

पुढचे दोन तास मात्र आम्ही जन्मात विसरणार नाही असे होते, आणि त्यातलं काहीही आम्हाला दिसलं नसतं. तिनं दाखवलं म्हणून दिसलं. पाणी उतरून गाळ उघडा पडत होता. आम्हाला नुसता चिखल दिसत होता. ती म्हणाली, "एक जागा धर आन् बघत राव." बघत राहिलो, आणि चिखल हलायला लागला. हजारो निवट्या, बोटाएवढे मासे, जमिनीवर उड्या मारत एकमेकांशी भांडत होते. बारके खेकडे एक पांढरी नांगी वर-खाली करत होते, सगळे एका तालात. एका तिवराच्या फांदीवर खंड्या बसला होता, तो आम्ही तिघांनी मिळून चार मिनिटं शोधला. आयडाबायनं नुसती हनुवटी त्या दिशेला केली होती. होडी वळवताना ती पाण्याकडे बघतही नव्हती. तळपायांनी फळीतून काहीतरी ऐकत होती. "हितं वाळू आली," म्हणायची, आणि खरंच दोन हातांवर पाणी उथळ असायचं. राईपासून काशीगावापर्यंत टॉवर बांधणाऱ्यांनी नकाशात जिथं नुसता निळा पट्टा ओढलाय, तिथं या बाईला रस्ते, गल्ल्या, चढ आणि उतार पाठ होते.

दहाच्या सुमारास परत फिरलो. नीलमला शेवटचा शॉट हवा होता, जमा केलेला सगळा कचरा फळीवर मांडून. तिनं पिशवी उलटी केली. बाटल्या, चपला, थर्माकोल, आणि तो हिरवा डबा गडगडत जाऊन आयडाबायच्या पायाशी थांबला.

तिनं इंजिन बंद केलं.

डबा उचलला. मानेची दोरी अंगठ्यानं चाचपली. गाठ बघितली. कापलेलं टोक बघितलं. मग खाली बसली.

"ह्यो कुठं गावला?"

"मघाशी तुम्ही पंखा साफ करत होता ना, तिथंच," नीलम म्हणाली. "का?"

"माजा हाय."

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता, आणि ते जास्त वाईट होतं. पहाटे पाचला तिनं जाळं टाकलं होतं. एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला दोरी आणि दोरीला हा डबा, म्हणजे जाळं कुठं आहे ते वरून कळावं. इथं जाळी चोरीला जातात. चांगला लाल-पांढरा तरंगता बोया लावला की चोराला आमंत्रणच. म्हणून ती मुद्दाम घाणेरडा डबा लावते, जो बघून कोणीही तोंड फिरवेल. तीन वर्षांत एकाही चोराला तो ओळखता आला नव्हता.

चोरांना जमलं नाही ते निसर्गप्रेमींनी करून दाखवलं.

"पण तुम्ही निघताना बघितलंत कसं नाही?" स्वप्नीलनं विचारलं. विचारायची हिंमत बघा.

"होडीत परका मानूस असला का आपल्या जाल्याकडं बघायचं न्हाय. मी बघितलं असतं तर तुमी पन बघितलं असतं." मग म्हणाली, "सांगायला पायजे होतं. तुमाला चोर समजले म्हनून सांगितलं न्हाय. ती माजी चूक."

"आम्ही भरून देतो, आयडाबाय. नवीन जाळं..." त्याचा हात खिशाकडे गेला.

"ऱ्हाऊ दे तुजं. जाल्याचं न्हाय. जागेचं हाय."

आणि मग कळलं की आम्ही नक्की काय कापलं होतं. खाडीत प्रत्येक घराची जाळं टाकायची जागा ठरलेली असते. कागदावर नाही, तोंडी, आज्या-पणज्यापासून. ही जागा डॅनियलच्या बापाची. घरचं जाळं पाण्यात आहे तोवर जागा घरची. दुसरं जाळं तिच्याकडे नव्हतं, आणि बाईचं जाळं पाहुण्यांच्या खेळात गेलं म्हणताच जागा कुणाची ते ठरवायला गावची बैठक बसली असती. बॉस्को नावाचा एक दीर होता, चुलत. तीन वर्षं तो 'बाईमाणसाला कशाला तरास' म्हणत त्या जागेवर डोळा ठेवून होता. त्याची होडी आता ओहोटीबरोबर परत यायची वेळ झाली होती.

"मग तुम्हाला जागा माहीतच आहे ना?" मी म्हणालो. "तिथं जाऊन काढू."

"टाकलं ती जागा म्हाईत हाय. ह्यानं वढलं किती?" तिनं स्वप्नीलकडे बोट केलं. "वढून वढून दगड हलला आसंल. मग होडीसंगं जालं फरपटत गेलं. कुठवर, ते कोन सांगंल?"

नीलम म्हणाली, "व्हिडिओ आहे!"

मी फोन काढला. छाती फुगली होती. शेवटी कॅमेरा कामाला आला. आणि मग तिघांनाही एकदम दिसलं. स्वप्नील लख्ख, त्याच्या कपाळावरचा घाम लख्ख, आणि मागे सगळी दुधाळ लापशी. किनारा नाही, झाड नाही, किल्ला नाही. जे उपयोगाचं होतं तेवढं नेमकं आम्ही पुसून टाकलं होतं. मला फोन पाण्यात फेकावासा वाटला.

"आन हिकडं," आयडाबाय म्हणाली.

ती बघायला बसली. पहिला टेक. दुसरा. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ती स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे. स्वप्नीलचा चेहरा तिला दिसतच नव्हता. ती दोरी बघत होती.

"ताठ हाय. दगड गालात घट्ट हाय." गाळाला ती गाल म्हणते. तिसरा टेक. "थांब. मागं घे. आजून. हां. बघ, थरथरली... आन् ढिली. हितं दगड सुटला." मग तिनं होडीच्या कडेला बघितलं, म्हणजे व्हिडिओतल्या होडीच्या कडेला, जिथं पाण्यावरून फेसाचा एक बुडबुडा मागून पुढे निघून गेला होता. पाण्याला किती ओढ होती ते कळावं म्हणून तो तिनं पाचदा बघितला. "हितनं कापेपर्यंत किती येल?"

"बावन्न सेकंद," नीलम म्हणाली. "त्या बुडबुड्याच्या वेगानं धरलं तर साधारण तीस-पस्तीस मीटर..."

"ते मना कलत न्हाय. त्या तिथं." तिनं उघड्या पाण्याकडे बोट दाखवलं, जिथं आमच्या दृष्टीनं काहीही नव्हतं.

तो व्हिडिओ मी होडीतच आठ वेळा पाहिला होता. आवाज कुठं चढवायचा, संगीत कुठं टाकायचं, सगळं ठरवलं होतं. त्यात एक दोरी आहे आणि ती काही सांगतेय हे मला दिसलं नव्हतं. शाळेत न गेलेल्या डोळ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांच्या तोंडावर तो व्हिडिओ मारायला पाहिजे.

तिनं होडी आधी जुन्या जागेवर नेली. जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आणून ती जागा धरते. कुठल्या खुणा ते मी लिहिणार नाही, विचारूही नका. मग इंजिन बंद करून होडी ओहोटीवर सोडली, आणि फळीखालून चार नख्यांचा लोखंडी गळ काढून दोरीनं तळाशी सोडला.

"तू वढलंस ना? आता तूच धर," ती स्वप्नीलला म्हणाली. "घाई करू नको. गालातनं कसा चालतो त्ये हाताला कलंल."

पहिल्या फेरीत जड काहीतरी लागलं. वर आली कुजलेली गादी. दुसऱ्या फेरीत मंडपाचा लोखंडी पाइप. या शहरानं खाडीत काय काय पुरलंय, देव जाणे. पाणी भराभर उतरत होतं. तिसऱ्या फेरीसाठी होडी वर नेत असतानाच वळणावरून इंजिनाचा आवाज आला.

"बॉस्को," आयडाबाय म्हणाली. एवढंच.

मोठी होडी, पुढे क्रूस रंगवलेला. बॉस्को उभा होता, पोट सुटलेला, गळ्यात टॉवेल. त्यानं इंजिन मंद केलं.

"काय गो आयडा, गल टाकून काय शोधतंस? सोनं सापडला काय?"

आयडाबायनं क्षणभरही वेळ घेतला नाही. "ह्या पोराचा मोबाईल पडला."

"कुनाचा?"

"ह्याचा. व्हिडिओ काढत व्हता, गेला हातातून."

बॉस्कोची सगळी होडी हसायला लागली. "दोन पुरुस खोल पानी, खाली कंबरभर गाल, आन् गल टाकून मोबाईल शोधतंय! अरे बाबा, फ्लॅटवाल्या, तो आता मासे वापरतील!" मग एकदम: "थांब, मी पन टाकतो गल. दोगं मिलून बघू."

स्वप्नील पुढे झाला. या माणसाला मी गेली अकरा वर्षं ओळखतो. लिफ्टमध्ये कोणी त्याला 'जरा जाडा झालास' म्हटलं तर तो आठवडाभर ती गोष्ट सांगतो. तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "नको काका, जाऊ द्या. माझीच अक्कल पाण्यात गेली. तुमची मासळी खराब होईल."

"तुजं तरी बरं, अक्कल तरी व्हती," बॉस्को म्हणाला, आणि हसत हसत होडी पुढे गेली.

ती दिसेनाशी होईस्तोवर आयडाबाय हलली नाही. मग तिसरी फेरी. स्वप्नीलच्या हातात दोरी, डोळे मिटलेले. मी त्याला पहिल्यांदाच काहीतरी करताना बघत होतो जे कोणी शूट करत नव्हतं.

"काहीतरी... मऊ," तो म्हणाला. "दगड नाही. ओढलं की मागे ओढतंय."

आयडाबायनं त्याच्या हातावर हात ठेवला. दोन श्वास. "हात सोडू नको," म्हणाली, आणि खेचायला लागली. खांद्यातून नाही, टाचांपासून. हातावर हात, हातावर हात, एकाच गतीनं, जराही हिसका न देता, कारण हिसका दिला तर गळाला अडकलेला जाळ्याचा एकच पदर सुटला असता. गाळ वर आला. मग एक राखाडी कड. मग उन्हात चमकणारं ओलं जाळं, आणि त्यात बोई माशांची चंदेरी फडफड, दोन शिंगाळे, एक भला मोठा काळा खेकडा नांगी वासून.

नीलम रडायला लागली. स्वप्नीलनं एका हातानं खिशातून फोन काढला. सवय, दुसरं काही नाही.

"ठेव," आयडाबाय म्हणाली. "तुजा मोबाईल पान्यात पडलाय. पडलेला मोबाईल हातात कसा?"

चटका बसल्यासारखा त्यानं तो खिशात घातला.

एका जागी जाळं हातभर फाटलं होतं. ते तिनं तिथंच, मांडीवर घेऊन, दहा मिनिटांत विणलं. बोटं इतकी वेगानं चालली की आम्ही तिघं तोंड उघडं टाकून बघत बसलो. मासे काढले, खेकड्याला मागून असा उचलला की त्याला कळलंही नाही, आणि दोन खुणा पुन्हा एका रेषेत आणून जाळं परत घराच्या जागेवर सोडलं. डब्याला नवी गाठ मारली. डबा पाण्यावर तरंगायला लागला, घाण, चेपलेला, ओळखू न येणारा. आम्ही तिघांनीही मान दुसरीकडे फिरवली. कोणी सांगितलं नव्हतं.

परतताना स्वप्नील माझा फोन मागून घेऊन, जाकिटाआड धरून काहीतरी करत होता. मी वाकून बघितलं. तीनही टेक तो पुसत होता. मग निवट्यांचे, मग खंड्याचेही, कारण त्यांच्या मागे किनारा स्पष्ट दिसत होता.

"तेवढे तरी ठेव," मी म्हणालो. "आयुष्यातलं सगळ्यात चांगलं शूट आहे."

"त्यात जागा कळते," तो म्हणाला, आणि बोट दाबलं.

किनाऱ्यावर बॉस्को वाटच बघत होता. भोवती सात-आठ जण, बातमी आधीच पोचलेली. त्याच्या हातात स्वतःचा फोन. "सांग नंबर. लावून बघू, वाजतो का. चिखलात पडलेला पन वाजतो कदी कदी."

स्वप्नीलच्या खिशात त्याचा फोन होता, चालू, पूर्ण आवाजात. स्वप्नीलनं शांतपणे दहा आकडे सांगितले. मला त्याचा नंबर पाठ आहे. शेवटचा आकडा चुकीचा होता.

बॉस्कोनं स्पीकरवर लावला. रिंग गेली. दोनदा.

"हां, कौन?" पलीकडून एक खणखणीत बाई बोलली. "कौन बोल रहा है?"

बॉस्कोनं फोन कानापासून लांब धरला, जणू खाडीच बोलली. "उचलला!" तो ओरडला. "कुनीतरी उचलला! अरे, पान्यात पडलेला मोबाईल उचलतंय कोन?"

आयडाबाय माशांची टोपली डोक्यावर चढवत होती. तिनं बॉस्कोकडे बघितलं, अगदी निवांत, डोळ्याला डोळा लावून.

"पान्यात काय पन पडू दे, बॉस्को," ती म्हणाली. "हितं उचलनारे लई हायेत."

आजूबाजूचे हसले. बॉस्को हसला नाही. आयडाबाय वाळूतून अनवाणी चालायला लागली, आणि तिला वाट द्यायला दोन बाप्ये बाजूला सरले.